सगळ्यात खालची पायरी

ठोकळे टेबलावरून खाली सांडले, तरी मी स्टॉपवॉच थांबवलं नाही. नियमच तसा आहे. मूल ठोकळे पाडो नाहीतर रडो, घड्याळ चालू ठेवायचं. समोरची मुलगी वाकली, एक ठोकळा उचलला, तो ठेवताना आणखी दोन पाडले आणि हात मांडीखाली दाबून गप्प बसली. वेळ संपली. मी कागदावर शून्य लिहिलं.

मुलीचं खरं नाव सांगत नाही, पूनम म्हणू. पुसदपासून तासाभरावर डोंगराकडेला असलेल्या एका निवासी आश्रमशाळेत ती सातवीला होती. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. म्हणजे मुलांची बुद्धी आणि शिकण्यातल्या अडचणी तपासून रिपोर्ट लिहिणारी बाई. राहते यवतमाळला, आणि शाळांनी बोलावलं की चाचण्यांची पेटी घेऊन एसटीने जाते. वणीपासून उमरखेडपर्यंत बहुतेक स्टँडवरचा चहा पिऊन झाला आहे. माझ्यात दोन दोष आहेत. एक, मी तापट आहे. दुसरा, बसल्या जागी माझी तंद्री लागते. पहिल्या दोषाने या कामात घोळ घातला आणि दुसऱ्याने तो निस्तरला.

बोलावणं हेडमास्तरांचं होतं. माणूस वाईट नव्हता, वैतागलेला होता. पूनम ताटं पाडते, जिन्यात पडते, वही बघितली तर मुंगी शाईत बुडून चालत गेल्यासारखी. मागच्या महिन्यात वाढताना तिच्या हातून गरम वरण एका लहान मुलीच्या पायावर सांडलं होतं. थोडक्यात निभावलं, पण त्या मुलीचे आईवडील शाळेत येऊन बोलून गेले होते.

"मॅडम, पोरगी गरीब हाये, पण तिले काही समजत नाही," हेडमास्तर म्हणाले. "तुम्ही मतिमंद म्हणून लिहून द्या. तिले यवतमाळच्या खास शाळेत टाकतो म्हणा तिच्या घरच्याइले. माह्या डोक्याचा ताप जाईन."

कागदावर आता बौद्धिक अक्षमता असा शब्द आहे, तोंडी मात्र जुनाच चालतो. आणि खास शाळेचं त्यांनी कितीही मनापासून म्हटलं, तरी पुढे काय होणार ते वसतिगृहाच्या अधीक्षिका ताईंनी मला हळूच सांगून ठेवलं होतं. ताई स्वतः तांड्यावरच्या, पूनमच्या घरच्यांना ओळखणाऱ्या. आईवडील ऊसतोडीला गेलेले, तांड्यावर एकटी आजी. शाळेतून नाव निघालं की मुलगी यवतमाळला कुठली जाते, पुढच्या टोळीबरोबर उसाच्या फडावर जाईल आणि कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळत बसेल. शिक्षण तिथेच संपलं. म्हणजे माझ्या रिपोर्टवर मुलीची शाळा अडकली होती आणि हे मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. तरी मी शून्यं मांडत गेले.

दुपारभर चाचण्या चालल्या. ठोकळ्यांची नक्षी, आकृत्या बघून काढणं, खुणा भराभर उतरवणं. मग तोंडी प्रश्नांची पाळी आली तेव्हा ती बंदच झाली होती. काहीही विचारलं की खाली बघायची. मला उशीर होत होता, मी चिडले होते. आवाज चढवला असणार, नाही असं म्हणवत नाही. शेवटी बेरीज केली. आकडा फार खाली आला. मी फॉर्म भरून टाकला, पेनाने. फक्त सही राहिली, कारण तेवढ्यात शेवटची गाडी चुकू नये म्हणून धावले आणि ती चुकलीच. अधीक्षिका ताईंनी वसतिगृहातल्या एका खोलीत माझी सोय केली.

सकाळी जाग आली ती खोबरेल तेलाच्या वासाने. शाल घेऊन बाहेर आले. थंडीचे दिवस होते, धुकं अंगणापर्यंत उतरलं होतं. पलीकडचं तुरीचं शेत होतं की नव्हतं ते कळत नव्हतं. ताईंनी चहाचा कप हातात दिला आणि मी ओट्यावर टेकले. माझी तंद्री लागायला एवढं पुरतं.

समोर वसतिगृहाच्या आठ पायऱ्या होत्या आणि आठ पायऱ्यांवर आठ मुली, एकीखाली एक. जी ती आपल्या खालच्या पायरीवरच्या मुलीच्या वेण्या घालत होती. फणी वरून खाली, मग बोटं, मग लाल रिबीन. कोणी बोलत नव्हतं. अर्धवट झोपेतल्या पोरी, अर्धवट झोपेतली मी, आणि धुक्यात चाललेली ती बोटं. मला वाटलं, आपण अजून उठलोच नाही, हे स्वप्नातच चाललंय. किती वेळ गेला कुणास ठाऊक. सगळ्यात वरच्या मुलीच्या मागे कोणी नव्हतं, तिच्या वेण्या ताई घालत होत्या.

मी उगाच मोजत बसले. मुली आठ, त्यांच्या हातांत फण्या सात. असं कसं, म्हणून पुन्हा मोजल्या. मग लक्षात आलं, सगळ्यात खालच्या पायरीवरच्या मुलीपुढे कोणी नाही, तिला फणी लागतच नाही. तिचं डोकं वरच्या मुलीच्या हातात होतं आणि तिचे स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबलेले होते. हे हात मी काल पाहिले होते.

ताईंना विचारलं, या जागा ठरलेल्या असतात का?

"नाही हो. जे आधी येते ते खाली बसते. मंग रांग वर वर चढत जाते. खालची जागा साऱ्याइलेच पाहिजे, काम नाही ना करा लागत. पण पूनमच्या आधी कोणी उठतच नाही. पाचलेच येऊन बसते थंडीत. दोन वर्षं झाले, एक दिवस चुकली नाही."

त्यांनी हे कौतुकाने सांगितलं. माझ्या हातातला चहा मात्र तसाच राहिला. दोन वर्षं रोज सगळ्यांच्या आधी उठून, रांगेचा नियम नीट ओळखून, एकाही पोरीला संशय न येऊ देता ही मुलगी एक गोष्ट लपवत होती. आणि काल संध्याकाळी मी तिच्या नावापुढे पेनाने लिहिलं होतं की तिला नियोजन करता येत नाही. मला माझीच लाज वाटली.

वेण्या झाल्यावर मुली पांगल्या. मी पूनमजवळ पायरीवर जाऊन बसले. स्टॉपवॉच खोलीतच ठेवलं होतं. तू रोज खालीच का बसतेस, असं विचारलं.

"वर बसलं तं दुसरीच्या वेण्या घालाव्या लागते," ती म्हणाली. "मले येत नाही. डोक्यात दिसते मले सारं, कोणता पेड कुठून न्यायचा ते. हाताले समजत नाही."

मी इतकी वर्षं पालकांना डिस्प्रॅक्सिया समजावून सांगते आहे. याहून चांगल्या शब्दांत मला कधी सांगता आलेलं नाही.

पुढे तिने विचारलं, मी हे कोणाला सांगणार का. इथे अडचण होती. सांगितलं नाही तर ती शाळेतून जाणार, आणि सांगितलं तर तिचं गुपित जाणार. मी तिला दोन्ही गोष्टी सरळ सांगितल्या. इतक्या लहान मुलीपुढे असा सवाल ठेवणं मला जड गेलं. तिने विचार केला, घाई केली नाही.

"सरले अन् ताईले सांगा," ती म्हणाली. "पोरीइले सांगू नोका."

मग तिथेच पायरीवर चाचणी पुन्हा घेतली. म्हणजे तोंडी भाग तेवढा, कारण हातांचं काय ते मला कळून चुकलं होतं. अडलं तर गोरबोलीत, तुमच्या तांड्यावरच्या बोलीत सांग, ताई आहेत, असं तिला म्हटलं. तिने दोनदाच ताईंकडे बघितलं. दोन गोष्टींत सारखेपणा कोणता, अमुक झालं तर काय करशील, ऐकलेले आकडे उलटे म्हण, तोंडी हिशेब. ती सांगत गेली. सगळी वयाच्या मानाने ठीक उत्तरं होती, काही तर पुढची. धुकं विरत होतं आणि तुरीचं शेत हळूहळू जागेवर येत होतं.

वाचकांसाठी थोडं सोपं करून सांगते. बुद्धीची चाचणी म्हणून आम्ही जे काही घेतो, त्यातलं बरंचसं काम हात आणि घड्याळ मिळून करतात. डिस्प्रॅक्सियात बुद्धी शाबूत असते. हालचालीचा बेत डोक्यात तयार होतो, पण तो अंगात उतरताना विस्कटतो. बटण लावणं, बूट बांधणं, लिहिणं, भरलं ताट नेणं या गोष्टी आपल्या हातांना सरावाने पाठ होतात, तशा या मुलांच्या होत नाहीत. अशा मुलाची बुद्धी ठोकळ्यांनी मोजली तर चुकीचा आकडा येणारच. हे मला पुस्तकातून पाठ होतं. त्या दुपारी आठवलं नाही, एवढंच.

हेडमास्तरांना पटायला वेळ लागला.

"मतिमंद नाही, तं मंग वरण काहून सांडते?"

मी म्हटलं, सर, तुम्ही पुसदची गाडी रोज धरता. ड्रायव्हरला वळणं पाठ आहेत, तो गप्पा मारत गाडी आणतो. पूनमचा ड्रायव्हर हुशार आहे, पण त्याला रोज तोच रस्ता नवा असतो. अशा ड्रायव्हरला घाटात घाई करायला लावू नये.

मग पाचला उठण्याची गोष्ट मी सांगितली. ती त्यांनी दोनदा विचारून घेतली.

"पाचले? या थंडीत?" ते म्हणाले, आणि मग, "आमच्या फॉर्मात हुशार असा रकाना नाही, मॅडम. पण ठीक हाये. राहू द्या पोरीले."

मी नवा फॉर्म मागून घेतला. जुन्यावर तिरकी रेघ मारून तो फाईलमध्ये तसाच ठेवला, कारण स्वतःची चूक हरवू देऊ नये. पक्क्या निदानासाठी तिला यवतमाळला ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवलं. ही मंडळी हालचालींची तपासणी आणि सराव करून घेतात. त्यांचंही मत तेच पडलं. शाळेत वाढपाचं काम बंद झालं, पेपरला जास्त वेळ मिळाला, आणि दोन विषयांची परीक्षा तोंडी घ्यायची ठरली. फार मोठं काही नाही.

पुढच्या हिवाळ्यात फॉलो-अपला गेले, मुद्दाम आदल्या दिवशी पोचून. सकाळी पायऱ्यांवर तीच रांग होती. पूनम सगळ्यात खाली होती, पण आता ती सहाला उठत होती. ती जागा ताईंनी तिला देऊन टाकली होती. बदल्यात वेण्या होईपर्यंत तिने वरच्या सातजणींचे पाढे घ्यायचे. एकीचा सतराचा पाढा चुकला, तशी पूनमने मान न वळवता तिला परत एकापासून सुरू करायला लावलं. ती जागा तिलाच का, हे मुलींपैकी कोणाला माहीत नव्हतं आणि कोणी विचारतही नव्हतं.

मुली गेल्यावर ती म्हणाली, थेरपीच्या मॅडमनी तिला प्रत्येक पायरी तोंडाने म्हणत काम करायला शिकवलंय, दोरीची वेणी जमते, केसांवर अजून करून बघितलेली नाही. मग माझ्या डोक्याकडे बघत राहिली.

त्या पायरीच्या खाली नुसती जमीन होती. मी त्या जमिनीवर बसले, पूनमकडे पाठ करून.

"उजवा पेड मधात. डावा पेड मधात," ती मागे पुटपुटत होती. केस ओढले जात होते, दोनदा सगळं सुटलं, दोनदा तिने पहिल्यापासून धरलं. ऊन चढत होतं. माझे डोळे मिटले, आणि मला कुठेही जायची घाई नव्हती.

वेणी वाकडी झाली होती, डाव्या कानाच्या मागून निघालेली. तशीच घेऊन मी एसटीने यवतमाळला आले. कंडक्टर बाईने दोनदा निरखून बघितलं.

या प्रकरणातून माझ्या कामात एवढाच फरक पडला: चाचणीच्या आदल्या दिवशी पोचते, आणि छापील फॉर्मच्या कडेला पेनाने एक प्रश्न वाढवते, की मूल रोज कुठे बसतं आणि का. स्टॉपवॉच पेटीत असतंच. ते कधी बाहेर काढायचं ते आता मी ठरवते.

घरी आल्यावर वेणी सोडायला गेले, तर शेंड्याची गाठ काही सुटेना. शेवटी कात्री लावली. फॉलो-अपच्या फॉर्मवर हातांची प्रगती असा रकाना असतो. त्यात लिहिलं, गाठ पक्की.