आईने वाइनला ऊन दाखवलं

ऐंशीच्या दशकात आम्ही पार्सिपनीला घर घेतलं, तेव्हा शेजारच्या घरात एक इटालियन म्हातारे एकटेच राहत होते. बायको वारलेली, मुलगी कॅलिफोर्नियात. आमची मुलं त्यांना टोमॅटोकाका म्हणायची, कारण उन्हाळाभर ते कुंपणावरून टोमॅटोच्या पिशव्या देत. पिशवी रिकामी परत करायची नाही, म्हणून माझी बायको तीत काहीतरी घालून पाठवी. शंकरपाळे ते कॉफीत बुडवून खात.

त्यांच्या थोरल्या भावाचा दक्षिण इटलीत डोंगरउतारावर द्राक्षांचा लहानसा मळा होता. कामाला भाऊ, वहिनी आणि तोडणीपुरते गावातले चार लोक. द्राक्षं काळी, उशिरा पिकणारी. आसपासचे मळे रिकामे झाले तरी यांची वेलीवरच असत. त्यांची लाल वाइन जुन्या लाकडी पिंपांत मुरवायची, आजोबांच्या वेळेपासून चालत आली तशीच. मी स्वतः पीत नाही, पण कोणतीही गोष्ट कशात, किती डिग्रीला आणि किती काळ ठेवतात हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून हे सगळं ठाऊक.

एका हिवाळ्यात तो भाऊ गेला आणि वहिनीने मळा विकला. भावाने शेवटच्या भरलेल्या सहा बाटल्या एका नातेवाइकाबरोबर इथे आल्या. भावाने फोनवर बजावून ठेवलं होतं की ही वाइन तरुणपणी फार तुरट असते, दहा वर्षं हात लावू नकोस. काकांची सत्तरी उलटून गेली होती. दहा वर्षं आपल्याकडे आहेत का, याची त्यांना खात्री नव्हती, आणि तसं ते उघड म्हणत. पण भावाचा शब्द होता.

त्या वसंतात त्यांच्या बेसमेंटमध्ये पावसाचं पाणी शिरलं. आमचं बेसमेंट कोरडं होतं. उत्तरेकडच्या कोपऱ्यात मी थर्मामीटर लावला होता. उन्हाळा असो की हिवाळा, पारा पंचावन्न ते साठ फॅरनहाइटच्या बाहेर जात नसे. काका तो आकडा पाहून खूश झाले आणि बाटल्या तिथे आडव्या ठेवून गेले. म्हणाले, "न पिणाऱ्याचं घर म्हणजे माझी बँक." मी रोज ऑफिसला जाण्याआधी पारा बघायचो. बायको म्हणायची, मुलांचा ताप इतक्या वेळा बघितला नाहीत कधी.

पुढच्या उन्हाळ्यात आई पुण्याहून आली. तिला काही करायला हवंच होतं, म्हणून तिने लिंबाचं लोणचं घातलं आणि बरणी रोज मागच्या डेकवर उन्हात ठेवू लागली. एके दिवशी संध्याकाळी मी घरी आलो तर डेकवर बरणीशेजारी सहाही बाटल्या ओळीने उभ्या. पुसून लख्ख केलेल्या, आणि प्रत्येकीच्या तोंडाला पांढऱ्या फडक्याचा दादरा बांधलेला.

मी हात लावला. काच गरम होती. एका बाटलीचं बूच थोडं वर आलं होतं.

आई शांतपणे सांगू लागली. कपडे धुवायला खाली गेले होते, तर बाटल्या आडव्या पडलेल्या, वर धूळ आणि ओल. दारू असो नाहीतर लोणचं, दुसऱ्याची ठेव आहे, बुरशी धरली तर काय तोंड दाखवायचं? म्हणून ऊन दाखवलं. अशा वाइनला अंधार आणि गारवा लागतो, असं मी सांगितल्यावर ती खालीच बसली. मी काकांना सांगायला निघालो, तर पदर सावरून उठली.

"थांब. ठेव मी हलवली, मी सांगणार. तू फक्त इंग्रजी कर."

काका त्यांच्या घराच्या दारातच उभे राहून ऐकत होते. आई त्यांना "भाऊ, चुकलं माझं" म्हणाली. मी 'चुकलं'चं भाषांतर केलं, 'भाऊ'चं केलं नाही. ते आमच्या डेकवर आले आणि ओळीतल्या बाटल्यांकडे बघत राहिले. मग एका दादऱ्याची गाठ बोटाने चाचपली आणि विचारलं, हे कशासाठी? मी लोणच्याची रीत सांगितली. ते म्हणाले, त्यांची आई टोमॅटोचा गर फळ्यांवर पसरून उन्हात आटवायची आणि माश्या बसू नयेत म्हणून वर असंच पातळ फडकं घालायची.

मग त्यांनी घरून ग्लास आणि ओपनर आणला. बूच वर आलेली बाटली आता टिकणार नव्हती. अंधार पडेपर्यंत ते आमच्या खुर्चीत बसून होते. पहिला घोट बराच वेळ तोंडात धरला. आईची नजर त्यांच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. शेवटी तिने मला ढोसलं, "विचार ना, नासली का?"

"तुरट आहे," ते म्हणाले, "पण तो म्हणायचा तितकी नाही." मग ग्लास खाली ठेवत पुढे म्हणाले, "तो नेहमी थांब म्हणायचा. तोडणी होऊ दे, मग ये. पुढच्या वर्षी ये. मी थांबत गेलो आणि तो गेला."

मी हे आईला मराठीत सांगितलं. ती आत जाऊन ताटलीत पोळी आणि अजून न मुरलेलं लोणचं घेऊन आली. काकांनी दोन्ही खाल्लं आणि लोणच्याबद्दल म्हणाले, हेही थांबायला हवं होतं. आई पहिल्यांदाच हसली.

उरलेल्या बाटल्या त्यांनी परत बेसमेंटमध्ये ठेवू दिल्या नाहीत. दर रविवारी दुपारी एक घेऊन येत आणि आमच्या डेकवर बसत. आई पोळी आणि लोणचं देई. भाऊ लहानपणी कसा होता, त्याने वेली कशा बांधायला शिकवलं, असं ते सांगत आणि मी मध्ये बसून इकडचं तिकडे करी. दर रविवारी लोणचं थोडं जास्त मुरलेलं असे आणि बाटल्यांमधली एक कमी. शेवटची संपली त्या आठवड्यात आईचं परतीचं विमान होतं. काकांनी रिकामी बाटली स्वच्छ धुऊन तिला दिली. रिकामी द्यायची नाही हे एव्हाना त्यांना कळलं होतं. आत त्यांच्या बागेतल्या टोमॅटोचं वाळवलेलं बी होतं.

ते बी पुण्याच्या गच्चीतल्या कुंडीत रुजलं. टोमॅटो आले, लांबट आणि गरदार. आईने फोनवर मला पहिल्या फळांची संख्या सांगितली, कारण मी ती विचारणार हे तिला माहीत होतं. मग म्हणाली, "भाऊंना जाऊन सांग. आत्ताच जा, उद्यावर टाकू नकोस."

मी फोन ठेवला आणि कुंपणापाशी गेलो.