डाव्या बाजूचा आरसा

आमची मालकीण गाडीतून कधी लगेच उतरली नाही. गाडी दारात लागली, ब्रेक ओढला, तरी ही मांडीवर पिशवी धरून बसलेली. "बसा वं जरा. लांबून पळून आलीय, दम खाऊ द्या तिला." मग इंजिन चालू ठेवून आम्ही दोघं आमच्याच दारात पाहुण्यासारखे बसायचो. शेवटच्या दिवशीही तसंच बसलो. औशाहून ओल्या शेंगा आणल्या होत्या. तिनं दोन फोडल्या, दाणे माझ्या हातावर ठेवले, टरफलं पिशवीत टाकली आणि म्हणाली, "हं, करा बंद." मी बंद केली. दुसऱ्या दिवशी हाक मारली तर उठली नाही. डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेली. त्याला काय विचारावं ते तेव्हा सुचलं नाही, अजून सुचत नाही.

बायकोला मालकीण सगळेच म्हणतात. माझी खरोखरची होती. मी आधी लातूर-औसा काळीपिवळी चालवली, मग डाळमिलचा ट्रक. जन्मभर गाड्या दुसऱ्याच्या. म्हातारपणी स्वतःची घ्यायची ठरली तेव्हा म्हटलं, कागद हिच्या नावावर करा. डोक्यावर मालक नसला तर मला करमत नाही.

नांदेड रोडला एक दलाल जुन्या गाड्या विकतो. त्याच्याकडे कोपऱ्यात ही पडून होती. लांब, काळी, परदेशी कंपनीची डिझेल गाडी. कंपनीनं अशा थोड्याच आणल्या आणि मग गाशा गुंडाळला. रस्त्यावर काढून पाय जरा दाबला तर पाठ सीटला चिकटली. मी ट्रकवाला माणूस, मला घाम फुटला. मालकिणीनं पदर दातात धरला आणि विचारलं, "अजून हाय का वं हिच्यात?" होतं.

परत आलो तर दलाल खरं बोलायला लागला. "काकू, ही आणून मीच फसलो बघा. हिला कुणी..."

"तिच्यासमोर बोलू नको."

"कुणासमोर?"

"गाडीसमोर. तिकडं चल."

तिचे वडील हाळीच्या बाजारात बैलांचे व्यापारी. जनावराची खोट त्याच्या कानावर पडू द्यायची नाही, ही तिच्या माहेरची रीत. दलालाला तिनं जुन्या टायरांच्या ढिगामागं नेलं आणि सौदा करून आली. भाव ऐकून मी घाबरलो. एवढ्यात तर छोटी पांढरी टॅक्सीची गाडीसुद्धा येत नाही.

"चोरीची हाय का रे?"

"न्हाई हो काका. लातुरात माणूस आधी विचारतो, लिटरला किती देती. मंग विचारतो, विकताना किती येतील. पळती कशी, हे कुणीच विचारत न्हाई."

मला हे पटलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलो, पण एवढं कळतं की सोनं कमी आहे म्हणून महाग आहे. मग अशी गाडी जिल्ह्यात दुसरी नाही, तर ती महाग पाहिजे. उलट कसं? गॅरेजच्या मेस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "हिचं मशीन उघडायचं यंत्रच माझ्याकडं न्हाई, मी हात लावत न्हाई." मालकिणीला विचारलं तर भाकरी थापता थापता म्हणाली, "अवं, सुटा बैल किती का पळणारा असंना, जोड न्हाई तर गिऱ्हाईक न्हाई. घेणारा काय करंल त्याला घेऊन?" बैलाचं मला कळलं. गाडीचं अर्धंच कळलं.

पुढं एकदा उसाच्या ट्रॉलीनं डाव्या बाजूचा आरसा उडवला. दलालानं हैदराबादला फोन लावले, पुण्याला लावले. आरसा नाहीच. मी रोज चिडायचो. मालकीण म्हणाली, "बंद करा ते फोन. मी बसते की डाव्या अंगाला." तेव्हापासून तीच आरसा. मान बाहेर काढून मागं बघायची. "या... या... थांबा, ऑटो हाय. मेला कसा घुसतोय बघा. हं, आता या." ऑटोवाल्यांना शिव्या फुकट. औसा, धर्माबाद, लेकीचं नांदेड, सगळीकडं आम्ही असेच फिरलो. एक ओरखडा आला नाही.

तेरावा झाला आणि जावई म्हणाले, "मामा, नांदेडला चला. गाडीचं काय करता? देऊन टाका, जे येतंय ते." त्यांनीच दलालाला बोलावलं. तो आला तो दारातच सुरू झाला. हिचे टायर महाग, पार्ट न्हाई, आरसा न्हाई, भंगारातच जायची. मी त्याला दंडाला धरून पाण्याच्या टाकीमागं नेलं. तिथं त्यानं भाव सांगितला. मी म्हटलं, सकाळी ये.

संध्याकाळी जावई आणि लेक ओसरीवर बोलत होते. ह्यांना इथं एकटं कसं ठेवायचं. तिथं तरी दिवसभर काय करतील. आपल्या दोन खोल्यांत कुठं झोपवायचं. मी तिथंच खुर्चीवर बसलेलो. मालकीण असती तर म्हणाली असती, "त्यांच्यासमोर बोलू नका." लेकीचा राग आला नाही मला. तिचं काही चुकत नव्हतं. कुणाचं चुकत होतं तेच कळेना.

सकाळी कुणाला न सांगता गाडी काढली आणि औशाच्या रस्त्याला लागलो. गाडी पळाली, पहिल्यासारखीच पळाली. तिला काय माहीत. परत येताना गल्लीशी डावीकडं वळायचं होतं, तिथं थांबलो. 'या' म्हणायला कुणी नव्हतं. मागून ऑटोवाला हॉर्न बडवत राहिला. शेवटी पलीकडच्या सीटवर आडवा होऊन, मान काढून मीच बघितलं आणि वळलो.

दारात दलाल आणि जावई उभे होते. दलालानं काच वाजवली. "काका, बंद करा की. डिझेल फुकट जळायलंय."

"दम खाऊ दे तिला."

"कुणाला?"

किती वेळ बसायचं ते मला माहीत नव्हतं, ते मालकीणच बघायची. पायाशी शेंगेचं एक टरफल पडलेलं दिसलं, पिशवीत जायचं राहिलेलं. ते तसंच राहू दिलं. मग मीच "हं" म्हटलं आणि गाडी बंद केली.

चावी खिशात टाकली. दलालाला म्हटलं, "चहा पी आन् जा. आन् हैदराबादला फोन लाव परत. डाव्या बाजूचा आरसा मिळतो का बघ."