शेवटची वेलांटी

पाटोद्याला तहसीलसमोर अर्ज टाइप करणारे चाचा बोलताना 'न्हाई' म्हणत, पण लिहिताना वेलांटीसुद्धा चुकू देत नसत. एका मोफत सॉफ्टवेअरची मराठी मदतपानं जगात कुणालाही दुरुस्त करता येत. सहा वर्षं ती एकटे चाचाच करत होते.

"कावून करता हे?" शेजारच्या शाळेत शिकवणारा मी विचारायचो.

"सर, चुकीचं वाचून येकाद्यानं फाइल उडवली म्हंजे?"

वाचणारा कुणीतरी आहे, एवढीच त्यांची श्रद्धा.

परवा पडद्यावर सूचना आली: वाचकच नसल्यानं मराठी पानं कायमचि काढून टाकत आहोत. चाचांनी ती दोनदा वाचली.

"'कायमची'ची वेलांटी ऱ्हस्व पडली हाय," म्हणाले आणि दुरुस्ती पाठवली.

एरवी मंजुरीला महिने लागायचे. ही पाच मिनिटांत मिळाली. आता तिथं तेवढी एकच ओळ उरली आहे, शुद्ध मराठीत.