कुरडया आणि लेकीची पाळी

११ मे. सकाळी सातलाच अंगणात चुलीवर गव्हाचा चीक ठेवला. घाटायला मी, सोऱ्या दाबायला थोरल्या जाऊबाई, बाजेवर कापड अंथरायला लेक. आमच्याकडे पाळीतली बाई वाळवणाला शिवत नाही. कुरडया लाल पडतात म्हणे. म्हणून कोण कधी मोकळी ते बघून दिवस ठरतो.

गेल्या उन्हाळ्यात लेक कायमच मोकळी होती. कॉलेजच्या सुट्टीत दोन महिने घरी, एकदाही बाजूला बसली नाही. हाताशी माणूस मिळालं म्हणून मी खूश. सोमवार, गुरुवार, शनिवार असे तिचे उपवास वाढत गेले, त्याचंही शेजारणींना कौतुक सांगितलं. भर मे महिन्यात ती स्वेटर घालायची. न्हाणीच्या जाळीत केसांचे पुंजके अडकायचे. हातांवर बारीक लव आली होती. दिसत सगळं होतं, मी जोडून बघितलं नाही. शेवटी सोऱ्या दाबता दाबता ती कोसळली.

कर्जतच्या डॉक्टरांनी नाडी धरली. फार हळू चालतेय म्हणून लगेच नगरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "न जेवणं हा हिचा हट्ट नाही, आजार आहे. शरीर उपाशी राहिलं की एकेक काम बंद करतं. पाळी त्यातलीच. ती परत आली की समजा, शरीर सावरतंय."

वर्षभर औषधं, समुपदेशन, ताटावरून भांडणं. अंग भरलं, केस गळायचे थांबले. पाळी काही येईना.

यंदा चीक शिजल्यावर वाटीत काढला, दूध-साखर घातली, तिच्यापुढे ठेवला आणि पाठ फिरवली. खाताना कुणी बघितलेलं तिला चालत नाही. वाटी रिकामी झाली. ती न्हाणीत गेली आणि तिथूनच ओरडली, "मम्मी, पॅड कुठं ठेवलीस?"

जाऊबाईंचा सोऱ्या थांबला. "आता लांबच बस गं बाई. लाल पडल्या तर सगळ्या तुझ्या सासरी धाडीन!"

"धाडा की काकू. तळायलाही तुम्हीच या."

मी चुलीवरचा दुसरा घाणा घाटत राहिले. हात थांबला की चिकात गाठी होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुरडया उलटायच्या होत्या. लेकीला उठवलं, चहा-चपाती खायला लावली आणि जाऊबाईंच्या देखत अर्ध्या कुरडया तिच्याकडून उलटून घेतल्या.