बाबांची एक रिंग

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की टिंगल करणाऱ्यांत मी पहिला. लालबागच्या आमच्या चाळीत त्यासाठी मी पुष्कळ बोलणी खाल्लीत. तेव्हा हे वाचून कुणाला हसू आलं तर खुशाल हसा... मीही हसलो असतो.

आधी घरातली एक सवय सांगतो. बाबा टॅक्सी चालवायचे. गाडी चालवताना हातात फोन धरणं हा आता गुन्हा आहे, पण आमच्याकडे कायदा नंतर आला, बाबांचा नियम आधी. गाडीवर असलेल्याला फोन करायचा नाही, आणि त्याने घ्यायचा नाही. ठिकाणावर लागला की त्याने एक रिंग द्यायची आणि कट करायची. एक रिंग म्हणजे पोचलो. बाबा गेले, नंबर बंद झाला, सवय तेवढी राहिली.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधीचा रविवार, भर दुपार. धाकटी बहीण सुषमा परळच्या एका हॉस्पिटलात बाळंत झाली आणि तिचं रक्त थांबेना. ऑपरेशन करावं लागणार होतं, पण रक्त हातात आल्याशिवाय डॉक्टर हात घालायला तयार नव्हते. मी भायखळ्याहून रक्ताच्या पिशव्या बर्फाच्या डब्यात घेऊन स्कूटरवर निघालो आणि चिंचपोकळीच्या पुलावर अडकलो. कुठल्याशा मंडळाच्या मूर्तीचं आगमन होतं. ढोल, ताशे, पुढे मुंगीला वाट नाही.

तेवढ्यात फोन वाजला. आई! आईने नियम मोडला, म्हणजे... गाडी रेटत रेटतच मी फोन काढला, तर हवालदाराने हँडलच धरलं.

"साहेब, बहीण मरतेय माझी!"

"फोन डिकीत टाक आधी. तूच पडलास तर हे रक्त कोण नेणार?"

फोन डिकीत गेला. हवालदार शिट्टी फुंकत कडेने वाट करून देत होता आणि मी इंचाइंचाने सरकत होतो. सीटखाली फोन थरथरत होता, पुन्हा पुन्हा. मग थांबला. ते थांबणं मला सहन होईना. हेल्मेटच्या आत मी ढसाढसा रडत होतो — बाबा, घाला तो नियम चुलीत, पण काहीतरी करा हो!

हॉस्पिटलच्या दारात आई उभी होती.

"खय होतंस रे? तुझी रिंग येवन किती वेळ झालो! रक्त पोचला म्हणान मी डॉक्टरांका सांगलंय. तेणी तिका आत घेतल्यानी."

मी डबा घेऊन धावलो. डॉक्टर नंतर म्हणाले, आणखी थांबलो असतो तर ती हाती लागली नसती.

पण मी रिंग दिलीच नव्हती. माझा फोन डिकीतच होता. आईचा फोन उघडून पाहिला, तर मिस कॉल होता... नाव 'बाबा'. मी लगेच तो नंबर लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, म्हणाली ती बाई. कंपनीत जाऊन आलो, तर तो नंबर कुणालाच दिलेला नाही म्हणतात. अजून मला काही उलगडा झालेला नाही.

सुषमा मुलीला घेऊन घरी आली त्या दिवशी आई खिडकीशी फोन कानाला लावून उभी होती. पलीकडे तीच बाई, तेच वाक्य.

"आई, कुणाला लावतेस? तो नंबर बंद आहे गं."

"आसांदे," आई म्हणाली. "चेडू सुखरूप घराक पोचला. तेंका कळवूक नको?"