माइकवरचं कुंकू

माझे बाबा हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फाटकावर बसतात. कापसाची गाडी वजनकाट्यावरून उतरली की ती कोणत्या ढिगावर खाली करायची, हे ते माइकचं बटण दाबून बोलायच्या जुन्या सीबी रेडिओवरून आत यार्डात सांगतात. यार्डात तसाच दुसरा संच आहे, त्याला भोंगा जोडलेला. बाबा फार शिकलेले नाहीत, पण त्यांच्या शब्दावर सगळं यार्ड हलतं, याचा त्यांना अभिमान आहे.

या हंगामात मात्र भोंग्यातून नुसती खरखर यायची. यार्डातला मुकादम दर गाडीमागे फाटकापर्यंत चालत यायचा.

"काय म्हनलं दाजी? एक नंबर का तीन नंबर? भोंग्यात म्हैस बसली काय तुमच्या?"

"म्हैस नाई, तुह्या कानात सरकी भरली हाय."

मग एक गाडी चुकीच्या ढिगावर रिकामी झाली आणि नवे मॅनेजर फाटकावर आले. "काका, सोमवारपासून हा डबा भंगारात. पोरं मोबाइलवर सांगतील. तुम्ही ढिगावर जा."

बाबांचा उजवा गुडघा वाकत नाही. कापसाच्या ढिगावर चढणं त्यांना जमणारं नव्हतं. ते मॅनेजरांना हे बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "माही पोरगी इलेक्ट्रॉनिक शिकून राह्यली. थे रविवारी दुरुस्त करते."

मला कोणी विचारलं नव्हतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे बिघडलेला मिक्सरसुद्धा माझ्या नावाने ठेवलेला असतो. खरं सांगायचं तर मी तोवर एकही रेडिओ उघडला नव्हता. प्रयोगशाळेत एका संचाभोवती आम्ही सगळे गोळा होतो आणि मी मागे उभी असते. तरी एक गोष्ट तिथे पक्की शिकले होते: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ऐकायचं.

रविवारी गाड्या नव्हत्या, आतली मशीन तेवढी चालू होती. मुकादम भोंग्याखाली उभा राहिला. आधी मी यार्डातल्या संचाच्या आवाजाच्या बटणात सफाईचा फवारा मारून ते बराच वेळ मागेपुढे फिरवलं. खरखर गेली. फाटकाच्या छतावरच्या अँटेनाचा जोड हिरवा पडला होता. तो घासून घट्ट केला, तशी फुसफुस कमी झाली. मशीनच्याच विजेच्या लाइनवरून फाटकावरच्या संचात एक घूं घूं यायची. मुकादमाने आपल्या मोटरसायकलची बॅटरी काढून दिली, संच तिच्यावर लावला, तीही थांबली. मला आता थोडा धीर आला होता.

पण बाबा बोलले आणि मुकादम पुन्हा चालत आला. "दाजी गोधडीतून बोलून राह्यले, बाई."

मी माइक उजेडात धरला. जाळीची भोकं दिसतच नव्हती. दर दसऱ्याला बाबा त्याची पूजा करतात. ओली हळद, तिच्यावर कुंकू, वरून सरकी काढलेल्या कापसाची उडणारी रुई, असा इतक्या वर्षांचा थर सिमेंटसारखा बसला होता.

"बाबा, हे काढा लागते."

"पूजेचं हाय थे. त्याच्यानंच तं आतालोक चाललं."

मी भीतभीतच म्हणाले, "कुंकू कपाळाले लावतात, बाबा. तुमी त्याच्या तोंडात कोंबलं."

मुकादम इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. बाबा हसले नाहीत. त्यांनी पिन मागितली आणि स्वतःच एकेक भोक मोकळं केलं. निघालेला चुरा कागदावर घेऊन फाटकाजवळच्या कडुनिंबाच्या बुडाशी नेऊन ठेवला.

सोमवारी कॉलेजला जाण्याआधी मी यार्डात थांबले. मॅनेजर भोंग्याखाली हाताची घडी घालून उभे होते. पहिली गाडी आली.

"टॅक्टर तीन नंबरले!"

बाबा जणू शेजारीच उभे होते. मुकादमाने जागेवरूनच हात वर केला. माझा जीव भांड्यात पडला, तेवढ्यात भोंगा पुढे बोलू लागला. बाबांचा अंगठा बटणावरच होता. ते ट्रॅक्टरवाल्याशी बोलत होते, आणि ही सवय या हंगामातच लागली असणार; खरखरीत ते कोणाला समजत नव्हतं, एवढंच.

"नवा मॅनेजर पाह्यला काय? रुई आन कापूस वळखत नाई अन् मले ढिगावर चढवून राह्यला! माहा गुडघा काय त्याचा बाप वाकवीन?"

मुकादमाने तोंड कापसाकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. मी जमिनीकडे पाहत राहिले. मॅनेजरांचे कान लाल झाले होते. ते यार्डातल्या संचाजवळ गेले आणि त्यांनी माइक उचलला.

"काका, आवाज एकदम साफ आहे. गुडघ्याचं आधी सांगायचं ना. बसा तिथेच."

भोंग्यातून एक अगदी बारीक आवाज आला, बाबांचा इतका हळू आवाज मी घरीही कधी ऐकला नव्हता.

"हो साहेब."

बाबा आजही फाटकावरच आहेत. माइकच्या पाठीवर कुंकवाचं एक बोट आहे, जाळी मोकळी. बोलून झालं की ते अंगठा उचलतात, तो उचलला आहे ना हे डोळ्यांनी पाहतात आणि मगच मॅनेजरविषयी बोलतात.