सहा दांड्यांची गाठ

जयवंताच्या लग्नात तिच्या बापानं एक चूक केली. हौसेपायी केली, म्हणून तिला कुणी चूक म्हटलं नाही.

बाप म्हणजे पातूरचे नत्थुजी माळी. वांगी, मिरच्या, शेवंती पिकवावी आणि मळ्यातलं काम आटोपलं की लाकूड कोरत बसावं, हा त्यांचा नाद. एकदा एक जोगी तापानं त्यांच्या मळ्यात पडून होता. नत्थुजींनी त्याला पेज पाजली, आणि बरा होऊन जाताना तो त्यांना गोरखधंदा करायला शिकवून गेला. गोरखधंदा म्हणजे लाकडाचं कोडं. सहा दांड्या एकमेकींच्या खाचांत अशा अडकवायच्या, की गाठीला तोंड कुठं आहे तेच दिसू नये. दोन दांड्या अंगठ्यानं दाबून धरल्या की तिसरी हलते, आणि ती निघाली की बाकीच्या आपसूक मोकळ्या होतात. बाप खाचा कोरायचा तेव्हा दांडी धरायला जयवंताच असायची. पाटी-पुस्तक तिनं कधी पाहिलं नाही, पण ही गाठ तिच्या बोटांना पाठ होती.

लग्न वैशाखात झालं. मोटेच्या चाकातून उरलेल्या बाभळीचा गोरखधंदा करून नत्थुजींनी तो रुखवतात मांडला. जावयानं गाठ सोडवायची, मगच ताटावर बसायचं.

नवरदेव गोवर्धन, बाळापूरचा. त्यानं ते लाकूड ओढलं, पिळलं, कानाशी नेऊन हलवलं. शेवया निवल्या. मांडवातल्या बायांना तर आयतंच सापडलं.

"जवाईबापू, बैल तरी सोडता येते का दावणीचा?"

"सोडते, पन मायले इचारून!"

हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी नत्थुजींनीच ते हातात घेतलं, अंगठा दाबला आणि दांड्या ताटात पाडल्या. लगोलग जोडूनही दाखवलं. ही ती चूक.

गोवर्धन हसला नाही. गोरखधंदा त्यानं उपरण्यात बांधला आणि म्हणाला, "मामाजी, हे मी नेतो. माह्या हातानं सुटन, तवाच धाडीन पोरीले माहेरी."

लोकांना ती थट्टा वाटली. नत्थुजी तर खूश झाले, जावई आपल्यासारखाच नादिष्ट म्हणून.

गोवर्धन तसा वाईट नव्हता. दारू नाही, बायकोवर हात टाकणं नाही. फक्त त्याला कुणी हसलेलं खपत नसे, आणि असलं माणूस घरात फार जड जातं, बाई. मळ्यातून आला की हातपाय धुऊन तो ते लाकूड घेऊन बसायचा. दातानं ओढायचा. एकदा तर अंगणात भिरकावलं, आणि मग स्वतःच जाऊन उचललं, धोतरानं पुसलं. चुलीपुढून जयवंता बघायची. त्याचा अंगठा बरोबर जागेच्या शेजारी यायचा आणि पुढं निघून जायचा. इकडं भाकर थापता थापता तिच्याच अंगठ्याला मुंग्या येत. सांगावं तर कसं? मांडवात सासऱ्यानं हरवलं, आता घरात बायकोनं हरवायचं?

पाऊस लागला. नागपंचमीला तिचा भाऊ जानराव न्यायला आला, तो उतरल्या तोंडानं.

"भाऊजी, बाबा आथरुनाले लागले. छातीत कफ दाटला. रातदिस जयवंता जयवंता करून राह्यले. धाडा तिले."

गोवर्धननं कोनाड्याकडं बोट केलं. "ते सुटलं नाही अजून. मानसाची एक जबान असते."

"अहो, ती मस्करी होती!"

"मस्करी तुमची होती. माही नाही."

जानराव भाकर न खाता परत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नाही असं पाहून जयवंतानं कोनाड्यातून गाठ काढली. म्हटलं, दांडी जरा सैल करून ठेवावी, म्हणजे आज ना उद्या त्याच्या हाती लागेल. जागा धरून अंगठे दाबले. दांडी हलेना. पुन्हा दाबले, नखं पांढरी पडली, तरी नाही. मग तिच्या ध्यानात आलं. बापानं ते मांडवातल्या एका दुपारपुरतं केलं होतं, कडक उन्हात, केस जाणार नाही इतकं घट्ट. आता पावसानं बाभूळ फुगली होती. जोगी स्वतः आला असता तरी ती गाठ सुटली नसती, आणि पाऊस सरेपर्यंत बाप थांबेल असं काही जानरावाचं तोंड सांगत नव्हतं.

चुलीच्या वर लसणाच्या जुड्या टांगलेल्या असत. गोवर्धन मळ्यात गेला की धगीनं लाकूड आटावं म्हणून जयवंता गाठ त्यांच्या मागं बांधायची, आणि तो यायच्या आत कोनाड्यात नेऊन ठेवायची. एक दिवस सासूनं, माणिकबाईनं, मान वर करून पाहिलं.

"काहून वं, लाकडाले धुरी देऊन राह्यली का?"

जयवंताच्या हातातलं पीठ खाली पडलं. माणिकबाई उठली, लसणाची एक जुडी पुढं ओढून तिनं लाकूड झाकलं, आणि पुन्हा आपली डाळ निवडायला बसली.

पोळ्याच्या आधी झड लागली आणि गोवर्धन घरीच राहिला. ओसरीत बसून सवयीनं त्यानं गाठ फिरवली, आणि अंगठे जागेवर पडले. दांडी हलली. हळूच, अंड्यातून पिल्लू काढावं तशी त्यानं ती ओढली, आणि बाकीच्या मांडीवर ओघळल्या.

"सुटलं! आये, सुटलं! जयवंते, पाय इकडे!"

आईसमोर त्यानं तिचं नाव घेतलं होतं. तसाच पावसात पळाला, गल्लीत दारोदार दांड्या दाखवून आला. पाण्यानं निथळत होता आणि हसत होता. लग्नापासून तिनं त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. असाच राहिला तर, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"उद्या गाडी जुपतो," तो म्हणाला. "मी सोता येतो. बुढ्याच्या हातात देतो."

सकाळी बैल जुंपले. जयवंता गाठोडं घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. गोवर्धन मात्र दांड्या पुढ्यात घेऊन बसलेला. जोडून न्यायचं होतं ना! चार दांड्या बसायच्या, पाचवी लावायला जावं तर पहिली गळायची. बैल उभ्या उभ्या रवंथ करत राहिले. दुपारी सोडले.

"तशाच घ्या ना संग," ती म्हणाली.

"तुकडे नेऊ? हसाले?"

दुसऱ्या दिवशी बैल पुन्हा जुंपले आणि पुन्हा सोडले. तिसऱ्या सकाळी पातूरकडून आलेला एक बागवान दारात थांबला. म्हणाला, नत्थुजींनी पाणी पिणंही सोडलं. ऐकलं, तरी गोवर्धनची मान वर झाली नाही. "झालंच," म्हणाला, "एकच राह्यली."

जयवंतानं गाठोडं खाली ठेवलं. त्याच्यासमोर बसली, त्याच्या मांडीवरच्या दांड्या उचलल्या, आणि भेंड्या निवडाव्यात तशा एकीत एक घालत गेली. शेवटची सरकवली, वरून अंगठ्यानं दाबली. गाठ पूर्ण झाली. ती तिनं त्याच्यापुढं ठेवली.

गोवर्धननं ती उचलून उलटीपालटी करून पाहिली.

"तुले येत होतं?"

"हो."

"मांडवात बी?"

"हो."

"अन् मी इतके दिस..." तो थांबला. "सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं, तं तुमी आयकलं असतं?"

त्याचा चेहरा मांडवातल्यासारखा झाला. "जाय," तो म्हणाला. गाडी काही त्यानं जुंपली नाही. पातूरला माघारी निघालेल्या बागवानाच्या गाडीत रिकाम्या टोपल्यांवर बसून ती गेली.

बाप अजून होता. डोळे मिटलेले, श्वास घरघरणारा, पण लेकीचा हात लागताच ओळखलं.

"जवायानं सोडवलं?"

"हो बाबा. त्यायनंच सोडवलं."

नत्थुजींच्या ओठाचा एक कोपरा हलला. "मंग आले काहून नाही?"

"मळ्यात पानी शिरलं."

पहाटे ते गेले.

तेरवीला माणिकबाई एकटीच आली. जयवंताला तिनं मागच्या दारी नेलं. "लय समजावलं वं, माय. तो म्हंते, लगनापासून मले पायत राह्यली अन् मनात हसत राह्यली."

"मी नाही हसली, आत्याबाई."

"मले मालूम हाये. त्याले कोन पटवन?" असं म्हणून पदर तोंडात घालून ती रडली, आणि बाळापूरला निघून गेली.

दिवाळीला न्यायला कुणी आलं नाही, संक्रांतीलाही नाही. मग जयवंतानं दाराकडं बघणं सोडलं आणि मोटेवर उभी राहिली. जानरावाची बायको आधी गोड बोलायची, मग नुसती बोलायची, मग ताट सरकवायची. जयवंतानं कोपऱ्यात वेगळी चूल मांडली आणि पातूरच्या बाजारात पाल टाकून भाजी विकायला लागली. तिथंच एका बाजारी बाळापूरच्या एका गिऱ्हाइकानं, तिला न ओळखता, बोलता बोलता सांगितलं की गोवर्धन माळ्यानं फागणात दुसरी केली. पोरगी गरीब आहे, काही बोलत नाही.

जयवंतानं ऐकून घेतलं. तराजूत गवार थोडी कमी भरत होती, आणखी मूठभर घातली आणि पारडं गिऱ्हाइकाच्या पिशवीत रिकामं केलं.